छापील किंमत आणि ग्राहकाचा जाणण्याचा हक्क

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



२४ डिसेंबर हा दिवस देशभर राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे १९९१, १९९३ आणि २००२ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या आणि २० जुलै २०२० पासून २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. या वाटचालीत ग्राहकाच्या पदरात पुष्कळ काही पडले. सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी, फसवी जाहिरात यांविरुद्ध त्याला दाद मागता येऊ लागली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरे बांधून देणाऱ्या शासकीय संस्थांना या कायद्याच्या कक्षेत आणले, तर १९९५ मध्ये शुल्क घेऊन दिली जाणारी वैद्यकीय सेवाही त्या कक्षेत आली. या साऱ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि, ज्या एका प्रश्नाशी प्रत्येक कुटुंबाचा दररोज संबंध येतो, त्याचे समाधानकारक उत्तर या कायद्यांतही सापडत नाही. साबणाच्या वडीपासून हृदयविकाराच्या गोळ्यांपर्यंत प्रत्येक वेष्टनावर एक किंमत छापलेली असते. ती कोण ठरवतो? कशाच्या आधारावर ठरवतो? आणि ती योग्य आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार ती देणाऱ्याला आहे की नाही? आजचे विवेचन या एकाच विषयाभोवती आहे.

प्राचीन राज्यव्यवहारातील जाण

ग्राहकहक्कांची चर्चा बहुधा १५ मार्च १९६२ पासून सुरू केली जाते. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तेथील काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात सुरक्षितता, माहिती, निवड आणि म्हणणे ऐकले जाणे, असे चार हक्क सांगितले. जागतिक ग्राहक हक्क दिन त्याच तारखेला पाळला जातो. परंतु बाजारात विकणारा आणि घेणारा समबल नसतात, म्हणून राज्यसंस्थेने दुर्बलाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनेमापे सांभाळणारा पौतवाध्यक्ष आहे आणि विक्रीयोग्य मालावर देखरेख करणारा पण्याध्यक्षही आहे. वजने लोखंडाची किंवा विशिष्ट दगडाची असावीत, पाण्याने न वाढणाऱ्या आणि उष्णतेने न घटणाऱ्या पदार्थाची असावीत, दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी व्हावी, इतका बारकावा तेथे आहे. समाजाला त्रास देणाऱ्या काट्यांचे निर्मूलन करणाऱ्या कण्टकशोधन या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेच्या रक्षणाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात व्यापाऱ्याच्या नफ्याची मर्यादाही घालून दिलेली आहे: स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा. त्याहून अधिक घेणाऱ्यास दंड सांगितला आहे.

आजच्या गुंतागुंतीच्या अर्थव्यवहारात पाच आणि दहा टक्क्यांचे ते प्रमाण जसेच्या तसे लागू करावे, असे कोणी सुचवणार नाही. त्यामागील दृष्टी मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. कौटिल्याने मर्यादा घातली ती खरेदीची किंमत आणि विक्रीची किंमत यांमधील अंतरावर. आपल्या आजच्या व्यवस्थेत नेमके हे अंतरच दृष्टीआड झाले आहे.

कमाल किंमत कशी आली

स्वातंत्र्योत्तर काळात वजनेमापांचे प्रमाणीकरण झाले आणि १९७७ मध्ये वेष्टनबद्ध वस्तूंसाठी नियम आले. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना आणि किंमत छापणे बंधनकारक झाले. परंतु किंमत छापण्याचे दोन पर्याय होते. 'स्थानिक कर वेगळे' अशी पळवाट ठेवून किंमत छापता येत असे आणि त्या कराच्या नावाखाली दुकानदार वाटेल ती रक्कम लावीत असे. गिऱ्हाइकाला कर किती आणि दुकानदाराची भर किती, हे कळण्यास मार्ग नव्हता. ग्राहक संघटनांनी यावर रान उठवले आणि १९९० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन 'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' छापणे सक्तीचे झाले. एमआरपी या नावाने आज लहान मुलालाही ठाऊक असलेली व्यवस्था ती हीच.

ही त्या काळातील फार मोठी सुधारणा होती. आडगावच्या दुकानात आणि महानगरातील दुकानात एकाच वस्तूची कमाल किंमत एकच राहिली. निरक्षर आजीबाईलाही नातवाकडून किंमत वाचून घेता आली. टंचाईच्या काळात वाटेल तो भाव लावण्यास आळा बसला. पुढे २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा आणि २०११ चे वेष्टनबद्ध वस्तूंचे नियम आले. एकसारख्याच वस्तूवर विमानतळासाठी एक आणि दुकानासाठी दुसरी अशा दोन कमाल किमती छापण्यास १ जानेवारी २०१८ पासून मनाई झाली. हॉटेलात बसून मागविलेल्या बाटलीबंद पाण्याला मात्र छापील किमतीचे बंधन लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरविले. तेथे वस्तूबरोबर सेवाही दिली जाते, हे त्यामागील कारण.

मर्यादा घालणारा कोण?

'कमाल किंमत' हा शब्द ऐकला की, कोणीतरी तटस्थ अधिकाऱ्याने ही मर्यादा आखून दिली असावी, अशी बहुतेकांची समजूत होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. मूल्यनियंत्रित औषधांसारखे मोजके अपवाद सोडले, तर ही किंमत उत्पादक किंवा आयातदार स्वतःच ठरवतो आणि स्वतःच छापतो. ती किती असावी, यावर कायद्याचे कोणतेही बंधन नाही.

कल्पना करा की, एका वस्तूवर १०० रुपये किंमत छापली आहे आणि ती विक्रेत्याला १५ रुपयांना मिळते. कायद्याचा भंग कोठेही झालेला नाही. आता दुकानदाराने तीच वस्तू १०१ रुपयांना विकली, तर तो दंडास पात्र ठरतो. एक रुपया जास्त घेणारा दोषी आणि ८५ रुपयांचे अंतर ठेवून किंमत छापणारा निर्दोष, अशी ही व्यवस्था आहे. शीतपेयाच्या किंवा दुधाच्या पिशवीवर थंड करण्याचा खर्च म्हणून दोन रुपये जास्त घेणे चूकच आहे आणि त्याविरुद्ध वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार जरूर करावी. परंतु सारा रोष कोपऱ्यावरच्या दुकानदारावर काढून ग्राहक थांबला, तर त्याची खरी लूट जेथे होते, तेथे त्याची नजर कधीच पोहोचणार नाही.

फुगवलेल्या छापील किमतीचा आणखी एक उपयोग आहे. सणासुदीला, विशेषतः संगणकावरील आणि भ्रमणध्वनीवरील बाजारात, मूळ किमतीवर काट मारून ६० टक्के, ७० टक्के सूट दाखविली जाते. जी किंमत कोणीही कधी मोजलेली नाही, तिच्यावर दिलेली सूट ही सूट नव्हे. वस्तू साधारणतः ज्या किमतीला विकली जाते, त्याबाबत लोकांची दिशाभूल करणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन खरेदीतील १३ प्रकारच्या छुप्या क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरतुदी आहेत, पण मूळ किंमत खरी की फुगवलेली, हे तपासण्याचे साधनच ग्राहकाजवळ नाही.

जीवनमरणाच्या बाजारात

साबण महाग वाटला, तर दुसरा घेता येतो. औषध आणि शस्त्रक्रियेच्या साहित्याबाबत ती सोय नाही. तेथे निवड डॉक्टर करतो, पैसे रुग्णाचे कुटुंब देते आणि घासाघीस करण्याची मनःस्थिती कोणाचीच नसते. म्हणूनच छापील किमतीचा अनर्थ या क्षेत्रात सर्वांत तीव्रतेने दिसतो.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविल्या जाणाऱ्या स्टेंटचे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावे असे आहे. दिल्लीतील एका वकिलाच्या लक्षात आले की, लाखाच्या घरात पैसे घेऊन बसविल्या जाणाऱ्या या उपकरणाच्या किमतीवर कोणाचेच नियंत्रण नाही. त्याने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्या रेट्यातून २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत झाला. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कंपन्यांकडून आकडे मागविले, तेव्हा या साखळीत एकट्या रुग्णालयांच्या पातळीवरील नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जात असल्याचे उघड झाले. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये अशी बांधून दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधल्या गेल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत ५४,७२० रुपये झाली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या देयकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. काही वस्तूंवरील नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अशा बहुतेक वस्तू छापील किमतीला किंवा तिच्या आतच विकल्या गेल्या होत्या. मोठी रुग्णालये घाऊक खरेदी करतात. त्यांच्या सोयीसाठी उत्पादक मोठी किंमत छापून देतात आणि माल मात्र अत्यल्प दरात पुरवतात. अशा वेळी कमाल किंमत ग्राहकाची ढाल राहत नाही. लुटीला कायदेशीरपणाचा शिक्का देण्याचे काम तीच करते.

औषधांच्या बाबतीत आणखी एक बदल ध्यानात ठेवला पाहिजे. १९९५ च्या औषध मूल्यनियंत्रण आदेशात नियंत्रित औषधाची किंमत त्याच्या उत्पादनखर्चावरून काढली जात असे आणि त्यावर वितरण व नफ्यासाठी शंभर टक्क्यांपर्यंत भर धरली जाई. २०१३ च्या आदेशाने ही पद्धत बदलली. आता बाजारात एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढून त्यावर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरले जातात. बाजारातील किमती मुळातच फुगलेल्या असतील, तर त्यांची सरासरीही फुगलेलीच असणार. सूचीबाहेरच्या औषधांच्या किमती तर दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढविण्याची मुभा आहे.

याच्या उलट चित्र जनऔषधी केंद्रात दिसते. २००८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे विस्तारलेल्या या योजनेची आज देशभरात १५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत. नामांकित कंपनीच्या गोळ्यांच्या तुलनेत तेथे तेच औषध बहुतेक वेळा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. औषध तेच, मात्रा तीच आणि किमतीत एवढी तफावत, हे पाहिल्यावर छापील आकड्यामागे दडलेल्या अंतराची कल्पना कोणालाही यावी.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या विषयावर एकांगी बोलणे योग्य होणार नाही. उद्योगक्षेत्राचे काही आक्षेप विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा की, सरकारने किमती ठरवू लागण्याचा अर्थ परवाना-राज परत आणणे होय. दुसरा असा की, किमतीत संशोधन, जाहिरात, वाहतूक, नासधूस यांचाही खर्च असतो. केवळ कच्च्या मालाची किंमत पाहून नफेखोरीचा ठपका ठेवता येत नाही. तिसरा आक्षेप असा की, स्पर्धा असेल, तर किमती आपोआप खाली येतात.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. स्टेंटच्या किमती बांधल्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले काही प्रकार भारतीय बाजारातून मागे घेण्याची परवानगी मागितली. काही रुग्णालयांनी अन्य शीर्षकांखालील आकार वाढविल्याच्या तक्रारीही झाल्या. प्रत्येक वस्तूची किंमत सरकारने ठरवावी, ही मागणी म्हणूनच व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. लहान उद्योजकाला कागदपत्रांच्या जंजाळात अडकवून ग्राहकाचे भले होत नाही.

स्पर्धेचा आक्षेप मात्र तपासून घ्यावा लागतो. स्पर्धेने किमती खाली येतात, त्या घेणाऱ्याला माहिती असेल आणि निवड करता येत असेल, तेव्हा. औषधाच्या दुकानात आणि रुग्णालयात नेमक्या या दोन गोष्टी नसतात. तेथे कंपन्यांची स्पर्धा चालते ती विक्रेत्याला आणि शिफारस करणाऱ्याला अधिक लाभ देण्यासाठी. परिणामी ज्या वस्तूची छापील किंमत आणि पुरवठ्याची किंमत यांत अंतर जास्त, ती पुढे ढकलली जाते. येथे स्पर्धा किंमत वाढविण्याचे काम करते.

मध्यममार्ग कोणता?

किमतीवर सरसकट नियंत्रण नको आणि आजचे मौनही नको, तर मार्ग कोणता? तो मार्ग आपल्याच देशात थोड्याफार प्रमाणात चोखाळला गेला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या बाबतीत सरकारने वेगळी पद्धत अवलंबिली. कंपनीने आपली किंमत स्वतः ठरवावी. परंतु पहिल्या विक्रीपासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतची भर ३० टक्क्यांहून अधिक असू नये, एवढेच बंधन घातले गेले. परिणामी ५२६ नाममुद्रांच्या औषधांच्या किमती उतरल्या. काहींच्या तर ९० टक्क्यांपर्यंत. जून २०२१ मध्ये महामारीच्या काळात प्राणवायू यंत्रांवरील भर ७० टक्क्यांवर आणि पुढील महिन्यात रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर यांसारख्या पाच उपकरणांवरील भर तेवढ्याच मर्यादेत आणली गेली. कौटिल्याने पाहिले होते ते हेच अंतर.

जीवनावश्यक औषधे आणि उपकरणे यांच्यासाठी या मर्यादेचा विस्तार व्हावा. उर्वरित वेष्टनबद्ध वस्तूंसाठी मर्यादेची गरज नाही. प्रकटीकरण पुरेसे आहे. उत्पादनमूल्य वेष्टनावर छापावे, ही मागणी ग्राहक चळवळीने दीर्घकाळ लावून धरली आहे. उत्पादनमूल्य हे व्यापारी गुपित आहे, असे उत्तर त्यावर दिले जाते. ते क्षणभर मान्य केले, तरी उत्पादकाने ज्या किमतीला माल पहिल्यांदा विकला, ती किंमत गुपित कशी? १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील प्रत्येक करपात्र व्यवहाराचे मूल्य नोंदले जाते. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना असे बीजक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवावे लागते. जी माहिती विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि शासनाला आहे, ती अंतिम पैसे मोजणाऱ्या ग्राहकापासूनच लपवावी, याला न्याय्य कारण सापडत नाही. वेष्टनावर कमाल किमतीच्या शेजारी पहिल्या विक्रीची किंमत छापली गेली, तर निरीक्षकाची फौज न वाढवताही अवाजवी अंतर उघडे पडेल. मग स्पर्धाही योग्य दिशेने होईल. ग्राहकाला किंमत जाणण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिलेलाच आहे. त्या हक्काचा हा स्वाभाविक पुढचा टप्पा होय.

प्रकटीकरणाने काय साधते, याचा एक छोटा नमुना आपल्या घरातच आहे. काही वस्तू ठरावीक वजनाच्या वेष्टनातच विकण्याचे बंधन २०२१ च्या दुरुस्तीने काढून टाकले. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांनाच राहतो आणि आतील बिस्किटे मात्र गुपचूप कमी होतात. यावर त्याच दुरुस्तीने एकक किंमत, म्हणजे प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापणे आवश्यक केले. हा आकडा लहान अक्षरांत असतो. पण तो पाहण्याची सवय लागली की, मोठा पुडा खरोखर स्वस्त आहे की नाही, हे क्षणात कळते. गृहिणींनी ही सवय मुलांनाही लावावी.

करकपातीचा धडा

अलीकडच्या एका घटनेने हा प्रश्न अधिक ठळक केला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली. केशतेल, शाम्पू, टूथपेस्ट, साबण यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करकपातीचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचविणे कायद्याच्या १७१ व्या कलमाने बंधनकारक आहे आणि ते कलम वैध असल्याचा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. तथापि, या कलमाखाली नव्या तक्रारी स्वीकारणे १ एप्रिल २०२५ पासून थांबविण्यात आले होते. म्हणजे कपातीचा सर्वांत मोठा निर्णय झाला, तेव्हा नफेखोरीविरुद्ध दाद मागण्याची खास यंत्रणा नव्या तक्रारींसाठी बंद झालेली होती. सरकारने राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रारी नोंदविण्याची सोय केली, हे योग्यच झाले. परंतु कर उतरला तेव्हा मूळ किंमत वाढविली गेली का, हे ग्राहकाने ओळखावे कसे? सर्व करांसहित एकच आकडा छापलेला असल्याने आतील मूळ किंमत आणि कर त्याला दिसत नाहीत. १९९० मध्ये जी तरतूद ग्राहकाच्या रक्षणासाठी आली, तिलाही आता पुढच्या सुधारणेची गरज आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शेतकरी, दुकानदार आणि ग्राहक

ग्राहकाचा लढा हा उत्पादकाविरुद्धचा किंवा व्यापाऱ्याविरुद्धचा लढा आहे, असा समज होऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील शोधनिबंधांनुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातून शेतकऱ्याला टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे मिळतात. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर येतो आणि त्याच वेळी मुंबई-पुण्यातील गृहिणी कांदा महाग म्हणून हात आखडता घेते. दोघांचेही गाऱ्हाणे खरे असते. मधल्या साखळीत वाहतूक, साठवण, नासधूस यांचा खर्च आहे, हे मान्य करूनही त्या साखळीत पारदर्शकता नाही, हे दोघांचे समान दुःख आहे. म्हणून शेतकरी, श्रमिक, उद्योजक, व्यापारी आणि ग्राहक हे अर्थव्यवहाराचे परस्परपूरक घटक आहेत. यांपैकी एक दुबळा राहिला, तर उरलेल्यांचे आरोग्यही फार काळ टिकत नाही.

संघटित ग्राहक हेच उत्तर

हा विचार महाराष्ट्रात केवळ भाषणापुरता राहिला नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीच्या कार्याचा पाया घातला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही त्या कार्याशी जोडले गेले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करावा, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्रित नोंदवावी, पंचायतीने उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून माल तपासून घ्यावा आणि संघातील सदस्यांनी तो आपापसांत वाटून घ्यावा, अशी ती साधी रचना. तिच्यात गृहिणींनी वाहिलेला भार फार मोठा आहे. घाऊक किंमत आणि किरकोळ किंमत यांतील अंतर किती, हे त्या स्त्रियांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मासिक वाटपाच्या हिशेबातून ते समोर आले. ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या दशकभर आधीची ही गोष्ट आहे. आधी समाज संघटित झाला आणि कायदा त्याच्या मागून आला, हा क्रम विसरता कामा नये.

आज चार माणसे एकत्र येणे जुन्या काळापेक्षा अवघड झाले आहे. दहा मिनिटांत सामान घरपोच येते आणि हिशेब विचारण्याची सवय मोडत चालली आहे. म्हणूनच प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गृहसंकुलात काही किमान गोष्टी घडल्या पाहिजेत. प्रत्येक खरेदीचे देयक मागून घ्यावे. ते नाकारणे ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. एकक किंमत वाचावी. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाचे मूळ नाव विचारून जनऔषधी केंद्रातील किमतीशी ताडून पाहावे आणि बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. फसवणूक झाल्यास १९१५ या साहाय्य क्रमांकावर मराठीतूनही तक्रार करता येते. तेथे समाधान झाले नाही, तर जिल्हा आयोगाचे दार उघडे आहे. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी तेथे चालतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

आयोगांनी साधारण तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात. अध्यक्ष आणि सदस्यांच्या जागा रिक्त राहतात म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून या विषयाची दखल घ्यावी लागली. या रिक्त जागांबद्दल आपल्या लोकप्रतिनिधीला कितीजण प्रश्न विचारतात? रस्ता, पाणी, वीज यांबद्दल विचारले जाते. ग्राहक आयोगाबद्दल विचारले जात नाही. जे विचारले जात नाही, ते शासनाच्या प्राधान्यक्रमात तळाला जाते.

स्टेंटच्या प्रकरणात एका नागरिकाने प्रश्न विचारला आणि त्याचा लाभ देशभरातील रुग्णांना झाला. छापील किमतीच्या बाबतीत असाच प्रश्न आता घराघरांतून विचारला गेला पाहिजे. येत्या वर्षभरात प्रत्येक शाखेने, प्रत्येक महिला मंडळाने आणि प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या खासदाराकडे एक साधे निवेदन द्यावे: कमाल किमतीच्या शेजारी पहिल्या विक्रीची किंमत आणि कराची रक्कम छापणे बंधनकारक करावे. निवेदनाची प्रत ग्राहक व्यवहार मंत्रालयाला पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. १९९० ची दुरुस्ती अशाच चिकाटीतून झाली होती. पुढची दुरुस्तीही त्याच मार्गाने होईल.